अर्धा पत्रा की अख्खा? गजभिये मॅडम

लखनौच्या गॅरेजांमध्ये त्यांना सगळे ‘गजब मैडम’ म्हणत. खरं नाव सुमेधा गजभिये. पण तिकडच्या जिभेला ते ‘भिये’ काही केल्या वळत नसे. कुणी गजभैया म्हणे, कुणी गजबिया. शेवटी विकास नगरजवळच्या नईमभाई डेंटरनं, म्हणजे चेपलेले पत्रे ठोकून नीट करणाऱ्या कारागिरानं, सरळ ‘गजब’वर मुक्काम केला आणि गॅरेजागॅरेजांत तेच नाव पसरलं. मॅडमना त्याचा राग नव्हता. “निम्मं तर बरोबर घेतात नं,” त्या म्हणायच्या. “इथे मी गाव भंडारा सांगितलं की लोक विचारतात, किती वाजता आहे आणि पुरी-भाजी मिळणार का.”

आम्ही दोघं एकाच सरकारी विमा कंपनीत होतो. मी माने, सांगलीकडचा. बदलीवर लखनौला आलो, जानकीपुरममध्ये घर घेतलं आणि तिथलाच होऊन गेलो. मोटारींच्या क्लेमचं टेबल माझ्याकडे होतं. मॅडम कंपनीच्या सर्व्हेयर. अपघात झालेली गाडी गॅरेजला आली की तिथे जाऊन ती बघायची, काय ठोकून सरळ होईल आणि काय बदलावं लागेल ते ठरवायचं आणि तसा रिपोर्ट द्यायचा, हे त्यांचं काम. रिपोर्ट माझ्या टेबलावरून पुढे मोठ्या साहेबांकडे जाई. कधीकधी मलाही गॅरेजला जावं लागे. मग मॅडम गाडी बघायच्या आणि मी मॅडमना बघायचो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात ठरवण्यासारखं काय असतं? पत्रा चेपला, बदला. दार, बॉनेट, डिकीचं झाकण यांच्या बाबतीत ते खरंही आहे. ते बोल्टनं बसवलेले असतात, काढले आणि नवे लावले. पण मागच्या दारापासून दिव्यापर्यंत जो कुशीचा पत्रा असतो, किंवा दारांच्या मधला खांब, किंवा दाराखालची पट्टी, हे सगळं गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेलं असतं. ते बदलायचं म्हणजे कापायचं. आणि तिथेच प्रश्न उभा राहतो. चेपलेला तेवढाच भाग कापून तेवढाच तुकडा जोडायचा, की कारखान्यात घातलेल्या मूळ जोडापर्यंत जाऊन अख्खा पत्रा उतरवायचा? नईमभाईच्या भाषेत, “आधा कि पूरा?” मॅडमच्या नोकरीतली निम्मी भांडणं या तीन शब्दांवरून झालेली मी पाहिली आहेत.

मॅडम गॅरेजमध्ये शिरल्या की मालक खुर्ची पुसायचा. लखनौची रीतच तशी. “आइए, तशरीफ़ रखिए, चाय मँगवाता हूँ.” मॅडम उभ्याच. “चहा गाडी बघितल्यावर,” त्या मला मराठीत सांगत आणि त्याला हिंदीत. “आधी चहा घेतला की मग नाही म्हणताना जीभ जड होते.” गाडी उन्हात काढायला लावायच्या. स्वतः बऱ्याच लांब उभ्या राहून, मान तिरपी करून बघायच्या. समोरच्या भिंतीचं किंवा विजेच्या खांबाचं प्रतिबिंब पत्र्यावर कुठे वाकतं, ते शोधायच्या. मग जवळ येऊन हाताची पालथी बाजू पत्र्यावरून फिरवायच्या, डोळे मिटून. शेवटी डिकीतलं अस्तर काढायला लावून, टॉर्च घेऊन अर्ध्या आत शिरायच्या. पन्नाशी उलटलेली बाई, सलवार-कमीज, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि डिकीतून फक्त ते बूट बाहेर. नव्या गॅरेजवाल्यांना कुठे बघावं कळत नसे. आतून आवाज येई, “भैया, इधर का सीलंट फटा है, आपने देखा?”

भंडाऱ्याजवळच्या एका भातगिरणीत त्यांचे वडील फिटर होते. पोरीनं इंजिनिअर व्हायचं हे त्यांनी ती चौथीत असतानाच जाहीर करून टाकलं होतं, घरात आणि गिरणीतही. त्यामुळे पुढे माघार घ्यायची सोयच राहिली नाही, असं मॅडम सांगत. त्या नागपूरला मेकॅनिकल शिकल्या. कंपनीत लागल्या तेव्हा त्यांना ऑफिसात बसवायचा बेत होता. त्यांनी फील्ड मागून घेतलं. “बसायचंच होतं तर बाबानं एवढं काहून शिकवलं?” असा त्यांचा प्रश्न होता.

मी पाहिलेलं त्यांचं पहिलं भांडण गोमती नगरच्या एका डॉक्टरांशी झालं. डॉक्टरांची गाडी अगदी नवी होती, सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं. पार्किंगमध्ये एका टेंपोनं मागच्या चाकामागे धडक दिली होती. खड्डा खोल होता, धारदार होता, ठोकून सरळ होणार नव्हता. पण होता तो चाकामागेच. मॅडमनी बघून सांगितलं, खालचा भाग कापून तेवढाच नवा जोडायचा.

डॉक्टर उखडले. “मैडम, नई गाड़ी है. मुझे पूरा पैनल चाहिए. बीमा किसलिए कराया है?”

“डॉक्टर साहब, पूरा निकालेंगे तो पीछे का काँच निकालना पड़ेगा, छत के पास का जोड़ खोलना पड़ेगा, दरवाज़े का किनारा छेड़ना पड़ेगा. वहाँ तो चोट लगी ही नहीं. छत का क्या क़ुसूर है?”

“पर आधा मतलब गाड़ी में पैबंद!” नव्या गाडीला ठिगळ, हे डॉक्टरांना सोसत नव्हतं.

“पैबंद दिख जाए तो मेरा नाम बदल दीजिएगा.”

नईमभाई शेजारीच उभा होता. तो अदबीनं म्हणाला, “नाम तो हम पहले ही बदल चुके हैं, मैडम.” डॉक्टरांना हसू आवरलं नाही आणि भांडणातली हवा गेली.

पण मॅडमनी ते तिथे सोडलं नाही. जोड घालून झाला, रंग अजून चढायचा होता, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. वेल्ड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं. आतून जोडाच्या मागे पट्टी कशी दिली आहे आणि पाणी लागू नये म्हणून मेण कसं मारणार, तेही दाखवलं. डॉक्टर वाकून, चष्मा काढून बघत होते. जाताना म्हणाले, “मैं भी मरीज़ को इतना नहीं समझाता.” मॅडम म्हणाल्या, “समझाया कीजिए. लोग कम झगड़ेंगे.”

यावरून त्या अर्ध्याच्या बाजूच्या होत्या असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. त्या कुठल्याच बाजूच्या नव्हत्या, आणि ऑफिसची पंचाईत तीच होती. त्रिपाठीसाहेब म्हणून आमचे मॅनेजर होते, माणूस सज्जन, पण त्यांना नियम आवडत. एकदा त्यांनी मीटिंगमध्ये सुचवलं की अमुक प्रकारच्या मारात सरसकट अर्धा पत्रा धरावा, म्हणजे वाद नकोत. मॅडमनी हात वर केला. “सर, तो फिर मुझे गैराज क्यों भेजते हैं? गाड़ी को यहीं बुला लीजिए, नियम पढ़कर सुना देंगे.” सगळे हसले, त्रिपाठीसाहेबही. तो नियम काही आला नाही.

त्यांची एक सवय मात्र त्यांच्यासोबत गाडीत बसणाऱ्याला जीव मुठीत धरायला लावी. रस्त्यात पुढे चाललेली गाडी ओळखीची वाटली, की त्या तिच्या मागे लागत. “मानेभाऊ, ही माझी गाडी!” माझी म्हणजे कधीकाळी त्यांनी पास केलेली. मग सिग्नलला तिच्या अगदी कुशीशी आपली गाडी नेऊन, काच खाली करून त्या जोडाची जागा न्याहाळत. बऱ्याचदा समाधानानं मान डोलावून काच वर करत. आतली माणसं बिचारी घाबरून दरवाजे लॉक करायची.

एकदा असंच एका निळ्या गाडीच्या मागे लागलो. मॅडमनी काच खाली केली आणि बराच वेळ वर केलीच नाही. सिग्नल सुटला, तर त्या गाडीच्या मागोमाग वळल्या. आम्हाला जायचं होतं दुसरीकडेच. निळी गाडी जानकीपुरमच्या एका गल्लीत शिरली आणि एका घरासमोर थांबली. आतून एक वयस्कर गृहस्थ उतरले, निवृत्त प्रोफेसर. दोन अनोळखी माणसं आपला पाठलाग करत घरापर्यंत आली म्हटल्यावर ते बावरले होते.

“नमस्ते सर. मैं बीमा कंपनी से हूँ. आपकी गाड़ी मैंने पास की थी,” मॅडम म्हणाल्या आणि उकिडव्या बसल्या. मागच्या चाकाच्या कमानीपाशी, जोडाच्या रेषेवर, रंगाला बारीक फोड आली होती. चण्याएवढी. मी हजारदा बघूनही मला ती दिसली नसती. मॅडमनी तिच्यावर नख दाबलं. खालून गंजाचं तांबूस पाणी आलं.

“इसमें क्या है, मैडम? पुरानी गाड़ी है, ज़ंग तो लगता ही है,” प्रोफेसर म्हणाले.

“ज़ंग नहीं, सर. ये मेरी ग़लती है. मैंने जोड़ बहुत नीचे रखवा दिया. यहाँ पहिये का कीचड़ बैठता है. थोड़ा ऊपर काटना था, या पूरा बदलना था. आप इसे खुलवाइए, मैं ख़ुद खड़ी रहूँगी.”

प्रोफेसर नको नको म्हणत होते. त्यांना वाटत असावं, यात काहीतरी डाव आहे. विमा कंपनीचा माणूस आपण होऊन घरी येऊन चूक कबूल करतो, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी त्यांच्या पत्नीनं आतून खुर्च्या आणल्या आणि मॅडमनी त्यांना आकृती काढून समजावलं, अंगणातल्या धुळीत, काडीनं. त्या आठवड्यात गाडी उघडली गेली. आतून पत्रा पापडासारखा झाला होता. परत येताना मी गाडीत म्हणालो, “मॅडम, त्यांना कळलंही नसतं.”

“मला कळलं नं,” त्या म्हणाल्या आणि पुढे त्यावर कधी बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतर त्या कुठलाही जोड रंगाआधी स्वतः बघितल्याशिवाय आणि आत बोट घालून मेण तपासल्याशिवाय पास करेनाशा झाल्या. गॅरेजवाले कुरकुरत. मॅडम मेणानं माखलेलं बोट रुमालाला पुसत निघून जात.

विकास नगरमधल्या त्यांच्या घरी आम्ही सणावारी जात असू. यजमान रेल्वेत होते, अबोल गृहस्थ, पण स्वयंपाक त्यांचाच. सावजी रस्सा करायचे तर खाणाऱ्याच्या कानांतून धूर निघे. मुलगी प्रज्ञा, लखनौतच वाढलेली. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीत यायचं.

“प्रज्ञा, काकांना पाणी दे गं.”

“दे रही हूँ, मम्मी, यार, दो मिनट.”

“यार कोणाला म्हणते? मी काय तुझी हॉस्टेलची मैत्रीण आहे?”

“आप ही तो हो,” प्रज्ञा म्हणायची आणि मॅडमचा राग मध्येच विरायचा. पत्र्याच्या बाबतीत ठाम असलेली ही बाई मुलीपुढे रोज हरायची, आणि हरल्याचं तिला काही वाटत नसे. एका गोष्टीत मात्र प्रज्ञाच मागे राहिली होती. तिला गाडी चालवायची भीती वाटे. लहानपणी आईबरोबर गॅरेजांत फिरून तिनं मोडलेल्या गाड्या फार पाहिल्या होत्या. मॅडमनी शिकवायचा प्रयत्न केला की ती म्हणे, “आप बग़ल में बैठती हो तो लगता है ठुकेगी ही.”

आता शबनम आपांच्या व्हॅनची गोष्ट सांगतो, कारण मॅडम म्हटलं की मला तीच आठवते.

शबनम आपा स्वतः व्हॅन चालवत. ज्या मुलांना चालणं-बोलणं अवघड जातं, अशा मुलांच्या एका शाळेत त्या रोज मुलं पोचवत आणि परत आणत. मुलांना त्यांची सवय होती. दुसऱ्या कुणाच्या गाडीत काही मुलं बसतच नसत, रडून गोंधळ घालत. एका सकाळी, मुलं सोडून परत येताना, ट्रकनं व्हॅनला डावीकडून घासलं. व्हॅन रिकामी होती. शबनम आपांना खरचटलंही नाही. पण दारांमधला खांब बुडाशी आत गेला होता आणि दाराखालची पट्टी चेपली होती.

व्हॅन नईमभाईकडे आली. मॅडम आणि मी पोचलो तेव्हा शबनम आपा तिथेच स्टुलावर बसून होत्या. नईमभाईनं आधीच हिशेब मांडून ठेवला होता. खांबाचा बुडाकडचा भाग कापायचा, नवा तुकडा जोडायचा, काही दिवसांत व्हॅन रस्त्यावर. अख्खी बाजू बदलायची तर सुटा भाग बाहेरून मागवावा लागणार, आणि तो कधी येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

मॅडमनी नेहमीसारखं सगळं पाहिलं. मग आत शिरून खांबाच्या बुडाशी बराच वेळ टॉर्च धरून बसल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पूरा.”

नईमभाईचा चेहरा उतरला. “मैडम, आज तक आपने हमारा जोड़ फ़ेल होते देखा है? हमारे हाथ पर भरोसा नहीं रहा?”

“हाथ पर पूरा भरोसा है, नईम भाई. जगह पर नहीं है.” त्यांनी त्याला आत बोलावून दाखवलं. सीटचा पट्टा जिथे बोल्टनं आवळलेला असतो, तिथेच वाकण आलं होतं. अर्धा पत्रा करायचा तर कापायची रेषा नेमकी तिथूनच गेली असती. आत जी जाड पट्टी असते, बाजूनं धडक बसली तर मार पेलणारी, ती तापवून जोडावी लागली असती. वरून रंग मारला की काही दिसलं नसतं.

शबनम आपा उठून उभ्या राहिल्या. “मैडम, आधा करवा दीजिए. मैं लिखकर देती हूँ. बच्चे घर बैठे हैं.”

“मैं समझती हूँ, आपा, लेकिन...”

“नहीं समझतीं.” त्यांचा आवाज चढला. “आपको क्या? आप लिखकर चली जाएँगी. एक लड़की है, गुड़िया, घर में रहती है तो सारा दिन दीवार पर सिर मारती है. स्कूल जाती है तो हँसती है. उसकी अम्मी को मैं क्या कहूँ, कि मैडम को जोड़ पसंद नहीं आया?”

गॅरेजमधली ठोकाठोक थांबली.  मॅडमनी रिपोर्टवर ‘पूर्ण’ लिहिलं, सही केली आणि बाहेर येऊन आमच्या गाडीत बसल्या. पण गाडी सुरू केली नाही. 

“मानेभाऊ, ती बरोबर बोलली.”

“मग अर्धा करायचा का?” मी विचारलं.

“नाही. ती बरोबर बोलली, आणि पत्रा अख्खाच बदलायचा. दोन्ही खरं आहे.”

ऑफिसात त्रिपाठीसाहेबांनी कपाळाला हात लावला. “मैडम, गैराज कहता है आधे में हो जाएगा. पार्टी हाथ जोड़ रही है कि आधा कर दो. और आप हैं कि क्लेम बढ़ा रही हैं! ऐसी सर्वेयर मैंने देखी नहीं.” मॅडमनी त्यांना खांबाचे फोटो दाखवले. साहेबांनी ते एकेक करून पाहिले. “और अगर मैं साइन न करूँ?”

“तो आप किसी और को भेजिए, सर. वह आधा लिख दे तो लिख दे. मेरे हाथ से नहीं होगा.”

त्रिपाठीसाहेबांनी सही केली. नाराजीनं केली, पण केली.

इथपर्यंत ती नोकरी होती. पुढचं नोकरीत बसत नाही. त्या रविवारी आमच्या इथल्या मराठी बौद्ध कुटुंबांची वंदना होती. मलाही मॅडमनी बोलावून घेतलं होतं. वंदना झाली, लोक चपला शोधायला लागले, तेवढ्यात मॅडम उभ्या राहिल्या. “जय भीम. एक मिनिट थांबा. मी एक निर्णय दिलाय, तो बरोबर आहे. पण त्याची झळ काही लेकरांना लागते आहे. सकाळी ऑफिसला जायच्या आधी किंवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत कोणाकोणाची गाडी रिकामी असते?” लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग एका बँकेतल्या बाईंनी हात वर केला. मग आणखी कुणी. मॅडम वहीत नावं लिहून घेत गेल्या. मी घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, ती म्हणाली, “आपलीही लिहून टाकायची होती की.” मी म्हणालो, लिहिली आहे.

पहिल्या सकाळी मॅडम स्वतः शबनम आपांच्या दारात गेल्या. मी मागच्या गाडीत होतो. आपा दारातच उभ्या राहिल्या. “एहसान करने आई हैं?”

“नहीं. बच्चे मुझे नहीं जानते. आप आगे नहीं बैठेंगी तो कोई बैठेगा नहीं. आपसे काम है, इसलिए आई हूँ.”

आपा आत जाऊन ओढणी घेऊन आल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. गुड़ियाच्या घरासमोर गाडी थांबली, तर ती पोरगी अनोळखी गाडी बघून किंचाळायला लागली. आपांनी उतरून तिला जवळ घेतलं, गाडीच्या बॉनेटवर तिचा हात ठेवला, इंजिनाची थरथर जाणवू दिली. हळूहळू किंचाळणं थांबलं. मॅडम हे सगळं लक्ष देऊन बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उतरून तिचा हात बॉनेटवर ठेवला. आपांनी ते पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या मॅडमशी आपण होऊन बोलल्या. रस्त्याबद्दलच बोलल्या, इकडून वळा, तिकडे खड्डा आहे असं.

असे काही आठवडे गेले. एखाद्या दिवशी कुणाची गाडी येत नसे, मग मॅडमच दोनदा फेरी मारत आणि ऑफिसला उशिरा पोचत. त्रिपाठीसाहेब घड्याळाकडे बघत, पण बोलत नसत. एका सकाळी मॅडमना ताप होता. तेव्हा प्रज्ञा मुकाट्यानं उठली आणि आपांच्या घरापर्यंत रिक्षानं गेली. “मैं चला नहीं सकती, लेकिन साथ बैठ सकती हूँ,” ती म्हणाली आणि माझ्या गाडीत मागे मुलांच्या मध्ये बसली. गुड़ियानं तिची वेणी धरली आणि शाळेपर्यंत सोडली नाही.

शेवटी भाग आला. नईमभाईनं जुनी बाजू उतरवली तेव्हा मॅडम हजर होत्या. आतली जाड पट्टी चुरगळलेली निघाली. फार नाही, पण होती. नईमभाई म्हणाला, “इसे तो हम खींचकर सीधा कर लेते, मैडम.” मॅडम म्हणाल्या, “कर लेते. दिखता भी सीधा.” एवढंच. मी बरोबर होते, असं त्या म्हणाल्या नाहीत, कारण तेवढ्यावरून ते सिद्ध होतही नव्हतं.

व्हॅन परत रस्त्यावर आली. नव्या बाजूचा रंग जुन्या रंगाहून जरासा उजळ लागला होता, तो आपांना आवडला. त्यांनी आभार मानले नाहीत. पण त्यानंतर रोज सकाळी मॅडमच्या गल्लीवरून जाताना त्या एक हॉर्न देत. “आभार म्हणून देते की अजून राग आहे म्हणून, कळत नाही,” मॅडम हसून सांगत.

बऱ्याच दिवसांनी, एका निवांत दुपारी, त्रिपाठीसाहेबांनी सहज विचारलं, “मैडम, वह वैन... फिर कहीं ठुकी?”

“नहीं सर.”

“मतलब आधे में भी चल जाता?”

“शायद चल जाता.”

साहेब हसले. “तो फिर?”

मॅडमनी हातातली फाईल मिटली. “सर, मैं चाहती ही यही थी कि कुछ न हो. अब उसका सबूत कहाँ से लाऊँ?”

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी मान हलवली आणि समोरच्या कागदांत डोकं घातलं. मॅडमविषयी त्यांनी नंतर कुणाजवळ तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

मॅडम निवृत्त झाल्या तसं दोघा नवरा-बायकोंनी नागपूरला जायचं ठरवलं. सामानाचा ट्रक पुढे गेला, त्यासोबत यजमान गेले. मॅडम आणि प्रज्ञा मागून गाडीनं निघणार होत्या. मी सकाळी निरोप द्यायला गेलो. शेजारपाजारचे काही लोक दारात उभे होते. कुणी पाण्याच्या बाटल्या, कुणी पुड्या बांधून आणल्या होत्या. मॅडमनी घराला कुलूप लावलं, किल्ली मालकाकडे दिली आणि मग सगळ्यांना धक्का बसेल अशी गोष्ट केली. गाडीची किल्ली प्रज्ञाच्या हातात ठेवली.

प्रज्ञानं त्या वर्षीच लायसन्स काढलं होतं. पण कॉलनीच्या बाहेर तिनं गाडी फारशी नेली नव्हती. “मम्मी, सच में? नागपुर तक?”

“नागपूरपर्यंत. थकलीस की मी घेईन. बस.”

प्रज्ञा बसली. मॅडम तिच्या शेजारी बसल्या. गाडी फाटकातून मागे घ्यायची होती. आम्ही सगळे ‘आने दो, आने दो’ करत होतो, आणि एकाच वेळी चार माणसं दिशा दाखवायला लागली की जे होतं तेच झालं. फाटकाच्या खांबावर गाडीची मागची कूस घासली. आवाज असा झाला की दारातल्या एका काकूंनी कानांवर हात ठेवले.

 प्रज्ञानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मॅडम खाली उतरल्या, मागे आल्या. मीही वाकलो. चाकामागे ओंजळभर खड्डा पडला होता, मध्ये पांढरा ओरखडा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांवर निवाडा देणारी बाई स्वतःच्या गाडीसमोर उभी होती. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “अब तो निकलना मुश्किल है. मैडम, नईम को फ़ोन लगाऊँ?”

प्रज्ञा दार उघडून बाहेर आली. डोळे भरलेले. किल्ली आईपुढे धरून म्हणाली, “आप चलाओ. प्लीज़. मुझसे नहीं होगा.”

मॅडमनी खड्ड्याकडे आणखी एकदा पाहिलं. कमानीत हात घालून बघितलं, पत्रा चाकाला कुठे टेकत नव्हता. मग प्रज्ञाची मूठ किल्लीसकट मिटवली.

“राहू दे तो खड्डा. काही करायचं नाही त्याला. बस आत, आरशात बघ आणि या लोकांपैकी कोणाचंही ऐकू नको.”

“मम्मी...”

“नागपूर लांब आहे, बेटा. चल.”

प्रज्ञा परत बसली. आम्ही सगळे आपोआप मागे सरकलो, हात खाली ठेवून, चिडीचूप. गाडी हळूहळू फाटकातून सरळ बाहेर आली, वळली, आणि गल्लीतून पुढे निघाली. मॅडमनी मागे वळून पाहिलं नाही. काचेतून दिसत होतं, त्या सीट मागे सारून, बूट काढून, पाय लांब करून आरामात बसल्या होत्या. गल्लीच्या टोकाला गाडी थांबली. उजवा दिवा लुकलुकायला लागला. एक ई-रिक्षा गेली, एक दूधवाला गेला, आणि मग रस्ता मोकळा बघून प्रज्ञानं गाडी मोठ्या रस्त्यावर घेतली.